‘मेलडी’ कुठे, ‘ट्यून’ कुठे: पाहुण्यांशी इंग्रजीत गाण्याबद्दल बोलायचं तर

वेंगुर्ल्याजवळ आमचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे आणि गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. एका चतुर्थीला आमच्याकडे इंग्लंडचं एक जोडपं उतरलं होतं. बाई तिकडे आपल्या गावातल्या चर्चच्या गायकवृंदात गाणाऱ्या. रात्री घरी भजन झालं, वाटाण्याची उसळ आणि चहा झाला, मंडळी पुढच्या घरी जायला उठली, तेवढ्यात बाई पेटीजवळ येऊन म्हणाल्या, "कुड यू प्ले जस्ट द मेलडी?"

मेलडी म्हणजे गोड काहीतरी, एवढं मला ठाऊक होतं. मी एक जुनं सिनेमाचं गाणं काढलं आणि दोन कडवी अगदी मन लावून वाजवली. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश म्हणाल्या. त्यांना आणखी गोड हवं असेल असं समजून मी दुसरं गाणं वाजवलं. शेवटी बाईंनी आत्ताच झालेल्या गजराची पहिली ओळ स्वतः गुणगुणून दाखवली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना गजराची नुसती चाल हवी होती. पखवाज नको, झांज नको, शब्द नको.

माजघरातून आईने विचारलं, "कोण मेलो रे?" मेलडी, मेलडी हे तिच्या कानावर तीनदा पडलं होतं. म्हटलं, "कोण मेलो नाय गे, ती बाय चाल इचारता."

त्यानंतर चार-पाच वर्षं पाहुण्यांशी बोलत, चुका करत हा एक शब्द मी नीट शिकलो. होमस्टेवाले, गाइड, दशावताराला किंवा डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, पाहुण्यांना घेऊन जाणारे आणि त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून येणारी कॉलेजची मुलं, या सगळ्यांना तेवढे हेलपाटे पडू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी हाताशी काय हवं

- एक वही. त्यात इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहा, म्हणजे उच्चारही सोबत राहील.
- मोबाईलमधला रेकॉर्डर.
- ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीत शब्दाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर दाबलं की उच्चार ऐकू येतो. त्याखाली वाक्यंही असतात. अर्थापेक्षा ती वाक्यंच जास्त वाचा.
- पाठ असलेली एक आरती किंवा एक अभंग. नुसत्या व्याख्या वाचून हा शब्द कळत नाही, चाल कानात वाजत असावी लागते.

मोबाईलवरचं आपोआप भाषांतर मात्र या कामाला घेऊ नका. मी एकदा त्यात ‘बुवांनी नवीन चाल लावली’ असं बोललो आणि पाहुण्याला पडदा दाखवला. त्याचा चेहरा गंभीर झाला. भाषांतरात बुवांनी नवा डाव टाकला होता. मराठीत बुद्धिबळाची चाल, घोड्याची चाल, लबाडाची चाल आणि अभंगाची चाल एकच, त्यात यंत्राने नेमकी लबाडाची उचलली.

१. आधी मराठीत ठरवा: तुम्हाला काय म्हणायचं आहे?

आपला निम्मा गोंधळ इंग्रजीत नसतोच, मराठीत असतो. गाणं आवडलं की आपण ‘काय चाल आहे!’, ‘काय सूर आहे!’, ‘काय लय आहे!’, ‘काय गोडवा आहे!’ यातलं जे तोंडी येईल ते म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत या चौघांच्या चार खोल्या आहेत.

चाल म्हणजे ट्यून किंवा मेलडी. सूर लागला किंवा सुटला हे सांगायचं तर इन ट्यून आणि आउट ऑफ ट्यून. लय आणि ठेका यांच्यासाठी रिदम आणि बीट, आणि गती सांगायची असेल तर टेम्पो. बुवांची पट्टी, म्हणजे काळी एक की पांढरी चार, हे विचारायचं असेल तर ‘की’ हा इंग्रजी शब्द. आपल्याकडे पेटीवाले सर्रास ‘स्केल काय?’ असं विचारतात. पाहुणा गाणारा असेल तर तो समजून घेतो, पण तो स्वतः ‘व्हॉट की इज इट इन?’ असंच विचारेल.

गोडव्याला एकच असा शब्द नाही. गळ्याचा गोडवा असेल तर आवाजाची स्तुती करा, चालीचा असेल तर चालीची. त्याबद्दल पुढे पाचव्या पायरीत.

२. उच्चार: तीन सख्खे शेजारी

मेलडी. ‘मेलोडी’ नव्हे. आपण अक्षरं बघून मधला ओ ठासून म्हणतो, इंग्रजीत तो जवळजवळ गिळलेला असतो. जोर पहिल्या अक्षरावर. आणि तो ‘मे’ आखूड. शंकराला वाहतो त्या बेलातला ए लांब आहे, इंग्रज माणूस शाळेची बेल म्हणतो त्यातला आखूड. मेलडीचा ए शाळेच्या बेलेचा.

गंमत अशी की विशेषण झालं की जोर उडी मारतो. मेलोडियस म्हणताना पहिलं अक्षर पडतं आणि दुसरं उठतं: म-लो-डियस. मेलॉडिकचंही तेच: म-लॉ-डिक. म्हणजे जो ओ मेलडीत गिळला तोच इथे मोठ्याने म्हणायचा. दहा वेळा मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करा आणि शब्दकोशातल्या आवाजाशी ताडून पाहा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता शेजारी. मेडली म्हणजे अनेक गाण्यांचे तुकडे जोडून केलेली माळ. गॅदरिंगला निवेदक ‘आता सादर आहे जुन्या गाण्यांची मेलडी’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा मेडलीच म्हणायचं असतं. डबलबारीत एकाच गजरात बुवा चार गाण्यांच्या चाली फिरवतात, तीही मेडली.

दुसरा शेजारी मॅलडी, आणि हा जरा वाईट आहे. मॅलडी म्हणजे आजार, जुना रोग. ‘अवर व्हिलेज हॅज मेनी ओल्ड मॅलडीज’ असं म्हणालात तर पाहुणा आधी पिण्याच्या पाण्याची चौकशी करेल. इंग्रजी अक्षरांत या दोघांमध्ये दोनच स्वर इकडचे तिकडे आहेत. आपल्या लिपीत अर्धचंद्र आहे म्हणून बरं. वहीत ‘मे’ आणि ‘मॅ’ एकाखाली एक लिहून ठेवा.

३. रोजचा शब्द ‘ट्यून’ आहे हे मान्य करा

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. मेलडी हा शब्द आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या नावात, रेडिओच्या कार्यक्रमात आणि चॉकलेटच्या कागदावर असल्यामुळे आपल्याला तो रोजचा वाटतो. घरात, रस्त्यावर, स्वयंपाक करताना इंग्रजी बोलणारा माणूस चालीला बहुतेक वेळा ट्यून म्हणतो.

तो भांडी घासताना गुणगुणतो ती ट्यून. सकाळपासून डोक्यातून जात नाही तीही ट्यूनच: ‘आय कान्ट गेट दॅट ट्यून आउट ऑफ माय हेड.’ एखाद्याला सुरात गाता येत नसेल तर ‘ही कान्ट कॅरी अ ट्यून.’ इथे मेलडी घातलीत तर अर्थच फिरतो. ‘कॅरी द मेलडी’ म्हणजे अनेक वाद्यांत किंवा आवाजांत मुख्य चाल ज्याच्याकडे आहे तो. बासरी मेलडी कॅरी करते, बाकीचे साथ करतात. एक वाक्य गळ्याबद्दल आहे, दुसरं कामाच्या वाटणीबद्दल.

एखादा शब्द रोजचा आहे की नाही हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे: त्याला वाक्प्रचार फुटले आहेत का बघा. ट्यूनला ढीगभर फुटलेत. चेंज युवर ट्यून म्हणजे कालपर्यंतची भाषा बदलणे. कॉल द ट्यून म्हणजे सूत्रं हातात असणे. डान्स टू समवन्स ट्यून म्हणजे कुणाच्या तालावर नाचणे. आपण तालावर नाचतो, इंग्रज चालीवर नाचतो. मेलडीला असं एकही धड पोर नाही. तो शब्द कपाटात इस्त्री करून ठेवलेल्या साडीसारखा आहे, रोज भाजी आणायला नेसत नाहीत.

यातला एक सापळा मी स्वतः अनुभवला. ‘टू द ट्यून ऑफ’ म्हणजे अमुकच्या चालीवर, हे मी शिकलो होतो. ‘हा गजर एका जुन्या सिनेगीताच्या चालीवर आहे’ हे सांगायला ते अगदी बरोबर. मग एक पाहुणा म्हणाला की बोट दुरुस्त करायला त्याला खर्च आला ‘टू द ट्यून ऑफ फोर थाउजंड पाउंड्स’, आणि मी विचारलं, हे गाणं कुठलं? पैशाच्या आकड्याआधी तो वाक्प्रचार आला की अर्थ ‘तब्बल’. चार हजार पौंडांची चाल नसते.

ट्यून क्रियापदही होते, मेलडी होत नाही. आमचे पखवाजवाले भजनाआधी कणीक मळतात, पखवाजाच्या धुमेवर थापतात, थाप मारून ऐकतात, बोटाने थोडी काढतात, पुन्हा ऐकतात. मग दुसऱ्या बाजूला शाईच्या पुडीच्या कडेला हातोडी मारत स्वर पेटीशी मिळवतात. त्या इंग्लिश बाईंचे यजमान हे सगळं उकिडवे बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "इज ही ट्यूनिंग इट?" बरोबर तेच. आपण पखवाज ‘लावतो’ आणि अभंगाला चालही ‘लावतो’. मराठीत क्रियापद एक, इंग्रजीत पहिलं ट्यून करणं आणि दुसरं सेट टू म्युझिक किंवा चाल रचणं, कंपोज अ ट्यून. ‘बुवा ट्यून्ड द अभंग’ असं म्हणू नका.

४. मग ‘मेलडी’ नेमकी कधी?

इथे थोडं थांबायला हवं, कारण कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

युरोपच्या संगीतात एका वेळी अनेक स्वर एकत्र वाजतात. पियानोवर उजवा हात सहसा गाण्याची ओळ वाजवतो आणि डावा हात खाली तीन-तीन चार-चार स्वरांचे जुडगे, म्हणजे कॉर्ड्स, देत राहतो. गायकवृंदात चार गट चार वेगळ्या ओळी एकाच वेळी गातात आणि त्या एकमेकींत बसतात. या बसण्याला हार्मनी म्हणतात. एवढ्या स्वरांच्या गर्दीत जी एक ओळ पुढे चालते, जी ऐकून घरी जाताना माणूस गुणगुणतो, ती वेगळी दाखवायला शब्द लागतो. तो शब्द मेलडी. म्हणजे हार्मनीचा, ठेक्याचा, शब्दांचा विचार वगळून एकामागून एक येणारे स्वर.

आपल्या भजनात अशी गर्दी नसते. बुवा जी ओळ म्हणतो तीच कोरस म्हणतो, तीच पेटीवर. खाली सा-प धरून असतो एवढंच. सगळंच मेलडी असल्यामुळे तिला वेगळं काढायची आपल्याला कधी गरज पडली नाही, म्हणून त्या शब्दाची धार आपल्या हातात आली नाही आणि आपण तो गोडव्याला चिकटवून दिला.

आता बाईंचं वाक्य बघा. ‘जस्ट द मेलडी.’ गायकवृंदातल्या बाई त्या, चार ओळींत एक ओळ वेगळी मागायची त्यांना सवय. पखवाज, झांज, कोरस, शब्द हे सगळं काढून घ्या आणि उरेल ते वाजवा, असं त्या सांगत होत्या.

पुढची गंमत सांगतो. मी चाल वाजवत असताना त्या माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या. पियानोवर तो हात हार्मनी वाजवतो, इथे तो काय करतो, हा त्यांचा प्रश्न. मी भाता दाखवला आणि म्हणालो, "ओन्ली एअर." त्या खो खो हसल्या. नंतर कळलं की एअर हा चाल या अर्थाचाही जुना इंग्रजी शब्द आहे. पेटीचं नावही तसंच उलटं आहे. हार्मोनियम हे नाव पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने १८४० च्या सुमारास हार्मनीवरून ठेवलं, आणि आपण त्याच वाद्याला मांडीशी घेऊन त्यावर हार्मनी सोडून फक्त मेलडी वाजवतो.

तर मेलडी बिनधास्त वापरायच्या जागा या:

गाण्याचे भाग वेगळे करून बोलताना. ‘द वर्ड्स आर ओल्ड, बट द मेलडी इज न्यू.’ आपल्या भजनासाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे, कारण अभंग साडेतीनशे-चारशे वर्षांचा आणि चाल बुवांनी गेल्या महिन्यात बसवलेली, हे आपल्याकडे रोजचं. एकाच अभंगाला चार बुवांच्या चार चाली असतात हेही सांगा: ‘सेम वर्ड्स, फोर डिफरंट मेलडीज.’ पाहुण्यांचे डोळे इथे हमखास मोठे होतात.

कोण काय वाजवतो हे सांगताना. ‘द हार्मोनियम फॉलोज द मेलडी.’ पखवाजाबद्दल बोलताना रिदम.

चालीचं वर्णन करताना, जरा कौतुकाने. सिंपल मेलडी, लव्हली मेलडी, हॉन्टिंग मेलडी. या शेवटच्या शब्दाला घाबरू नका, त्यात भूत नाही. मनात रेंगाळणारी, जरा उदास अशी चाल. रात्री उशिराची भैरवी ऐकून पाहुणा हॉन्टिंग म्हणाला तर ती स्तुती आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा देवचाराची गोष्ट सांगायला बसलो होतो. चटकन तोंडात बसणाऱ्या चालीला कॅची. कॅची ट्यून जास्त ऐकू येतं, कॅची मेलडीही चालतं.

आणि एक जागा जिथे मेलडीला ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही, अनेकवचनही होत नाही: चाल रचण्याची कला या अर्थी. ‘ही हॅज अ गिफ्ट फॉर मेलडी’ म्हणजे त्याला चाली सुचतात. ‘मोअर रिदम दॅन मेलडी’ म्हणजे ठेकाच जास्त, चाल नावाला. आजकालच्या गाण्यांत मेलडी राहिली नाही, ही आपल्याकडच्या प्रत्येक पाराची तक्रार इंग्रजीत याच साच्यात बसते.

एक वाक्य शिकून ठेवा: पेटीवर ऐकून ऐकून चाल काढणे म्हणजे ‘पिक आउट द ट्यून’ किंवा ‘पिक आउट द मेलडी’. पाहुण्याचं पोर पेटीशी बसून एका बोटाने आरती शोधत असेल, तर ते नेमकं हेच करत असतं.

५. स्तुती करताना

‘यू हॅव अ गुड मेलडी’ असं माणसाला म्हणू नका. मी म्हटलंय. समोरचा हसतो, पण त्याला कळत नाही. मेलडी गाण्याची असते, माणसाची नसते. गळा आवडला तर ‘यू हॅव अ लव्हली व्हॉइस’. गाणं आवडलं तर ‘यू सँग दॅट ब्युटिफुली’. चाल आवडली तर ‘व्हॉट अ लव्हली ट्यून’.

माणसाचं मेलडी हे नाव मात्र असू शकतं. आपल्याकडे स्वरा, रागिणी असतात तसं तिकडे मुलीचं नाव मेलडी ठेवतात. नोंदवहीत नावाच्या रकान्यात मेलडी दिसलं तर गाण्याची आवड लिहिली आहे असं समजू नका.

मेलोडियस हा शब्द आपण फार उधळतो. मेलोडियस सॉंग, मेलोडियस सिंगर, मेलोडियस इव्हिनिंग. इंग्रजीत तो बहुतेक आवाजाला, बोलण्याच्या ढंगाला लावतात, आणि तोही लेखी भाषेत जास्त. बोलताना महिन्यातून एकदा पुरे. मेलॉडिक हा संगीतातल्या लोकांचा शब्द आहे, चालीशी संबंधित एवढाच त्याचा अर्थ, गोड असलंच पाहिजे असं नाही.

६. राग विचारला तर

‘राग मीन्स मेलडी’ हे वाक्य गाइड लोक सर्रास फेकतात. ते चूक आहे, आणि जाणकार पाहुणा असेल तर पुढच्या मिनिटाला अडचण होते. भूप रागात सा रे ग प ध हे पाच स्वर. त्या पाचांतून बांधलेल्या चाली किती आहेत याची मोजदाद नाही. राग जर मेलडी असता तर भूपातली सगळी गाणी एकच झाली असती.

मी असं सांगतो: राग म्हणजे मेलडी बनवायचे नियम. कुठले स्वर घ्यायचे, चढताना कसे, उतरताना कसे, कुठे थांबायचं. त्यातून बुवा जी काढतो ती मेलडी. लिहिणारे लोक मेलॉडिक फ्रेमवर्क म्हणतात, ते ठीक आहे, पण अंगणात चहा पिताना ‘रूल्स फॉर मेकिंग अ मेलडी’ जास्त चटकन पोचतं.

कुणी विचारलं की तुमचा गायक स्वरांच्या मधून घसरत जातो ते पेटीवर का येत नाही, तर प्रश्न चांगला आहे. ती मींड. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जातो, पेटीच्या पट्ट्यांना ते जमत नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ‘द मेलडी स्लाइड्स, माय हार्मोनियम कान्ट’ असं मी सांगतो आणि पुढचं भजन सुरू करतो.

७. निसर्गाला मेलडी लावू नका

ही आपल्या होमस्टेवाल्यांची खास चूक, म्हणून शेवटी घेतली. किनाऱ्यावर हिंडा, दर चार पाट्यांमागे एकीवर लाटांची मेलडी, माडांची मेलडी, पावसाची मेलडी सापडेल. कवितेत चालेल. बोलण्यात इंग्रजी माणूस लाटांना साउंड म्हणतो, फार तर रिदम, कारण लाटेला ठेका असतो, चाल नसते. कौलांवर पाऊस पडतो त्याला ड्रमिंग किंवा पॅटर. पक्ष्यांच्या गाण्याला बर्डसॉंग.

पक्ष्यांत एक अपवाद मला माहीत आहे. पावसाळ्यात आंबोलीला गेलात तर ओढ्याकाठी पहाटे शीळ ऐकू येते, अगदी एखादा पोरगा शाळेला दांडी मारून शीळ घालत चाललाय अशी. तो शीळकरी कस्तूर, निळाकाळा पक्षी. त्याला इंग्रजीत ‘व्हिसलिंग स्कूलबॉय’ असंच टोपणनाव आहे. त्याची शीळ वर-खाली फिरते, माणसासारखी चुकतेही. एका पाहुण्याला मी म्हणालो, "लिसन टू हिज मेलडी." तो म्हणाला, "ही’ज व्हिसलिंग अ ट्यून." शिळेबरोबर ट्यून. मी वहीत लिहून ठेवलं.

डोअरबेल किंवा घड्याळाच्या खोक्यावर ‘सोळा मेलडीज’ लिहिलेलं असतं, तेही बोलण्यात उचलू नका. मोबाईलची असते ती रिंगटोन.

८. अडखळलात तर

चुकीचा शब्द गेला असं वाटलं की थांबून ‘आय मीन द ट्यून’ म्हणा आणि ओळ गुणगुणा. गुणगुणण्याला भाषांतर लागत नाही, बाईंनी माझ्याशी तेच केलं होतं. मेलडी की ट्यून असा संशय असेल तर ट्यून म्हणा, दहातल्या आठ वेळा बरोबर ठराल. गायक, वादक, शिक्षक अशा माणसाशी गाण्याची चिरफाड करत असाल तर मेलडी.

आणि घरच्या पाटीवर एकदा नजर टाका. आमच्या फाटकावर सहा वर्षं ‘एन्जॉय द मेलडी ऑफ सी वेव्ह्ज’ होतं, निळ्या रंगात, खाली दोन डॉल्फिन. हे सगळं शिकल्यावर मी पेंटरला बोलावून ते पुसायला लावलं आणि ‘यू कॅन हिअर द सी फ्रॉम एव्हरी रूम’ लिहायला सांगितलं. त्याने कागद बघितला, शब्द मोजले आणि म्हणाला, "ह्या लांब झाला. एक डॉल्फिन काढूक लागतलो." काढला.